अर्धा रेडिओ काकांचा

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

जेवणाचे टेबल तीन वेळा पुसले आणि कपाटावरून रेडिओ खाली घेतला. वजन सव्वाअकरा किलो (काट्यावर मी रेडिओसह, वजा मी). आजपासून ही वही.

वस्तुस्थिती अशी. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, २४ तारखेला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला येत आहेत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. हा व्हॉल्व्हचा रेडिओ दोघा भावांनी अर्धे अर्धे पैसे घालून घेतला होता. तेव्हा ते एका खोलीत राहत. घरे वेगळी झाली तेव्हा रेडिओ कोणाचा यावरून वाजले. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, बाबांची निघाली. इकडे आणताना जिन्याच्या वळणावर बाबांच्या हातून तो भिंतीवर आपटला, आणि त्या दिवसापासून गप्प. बाबांनी हे काकांना आजवर सांगितलेले नाही. फोनवर रेडिओचा विषय निघू नये म्हणून बाबा फोन कमी करत गेले, मग काकांनीही कमी केले.

चहाच्या वेळी बाबा म्हणाले, दादा दारात आला की रेडिओ वाजत असला पाहिजे, बाकी काही नको. बाजारामागच्या मिस्त्रीकडे टाकतो. मी म्हणालो, कशाला? मी इलेक्ट्रिकल केलंय. ताई म्हणाली, एक वर्ष. तेही दोन पेपर सोडून.

डोक्यात तिडीक गेली. पाया पहिल्याच वर्षी घालतात. वरचे मजले कोणीही चढवतो. शिवाय ते दोन पेपर सोडलेले नाहीत, राहिलेले आहेत.

बाबा म्हणाले, बघ हं. ही एक तरी गोष्ट शेवटाला ने.

हातात वीस दिवस. मला दहा पुरतील. उरलेले दहा टेस्टिंगला.

सोमवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.१५.

गोदामातून आल्यावर हात धुऊन कामाला बसलो. (गोदामात मालाची यादी माझ्याकडे असते. चार वर्षांत एक खोके चुकलेले नाही. हे घरात कोणाला माहीत नाही, कारण कोणी विचारत नाही.)

मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढले. आत धूळ, एक मेलेले झुरळ आणि काचेचे चार व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बसवायच्या जागा मात्र पाच. पाचवी रिकामी. विचार केला. निष्कर्ष: पुढेमागे वाढवायचे झाल्यास कंपनीने सोय ठेवलेली आहे. आमच्या स्विचबोर्डातही एक जागा रिकामीच आहे. नोंद केली, विषय संपला.

चारही व्हॉल्व्हवरचे नंबर वहीत शुद्ध उतरवले. मग व्हॉल्व्ह स्पिरिटने पुसले. आरशासारखे झाले. काचेवरची ती पुसट छपाईसुद्धा निघाली. परत बसवताना उंचीप्रमाणे लावले, डावीकडे लहान, उजवीकडे मोठा. पूर्वी कसेही खुपसलेले होते.

पेटीच्या आत एक पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यावर कसलासा नकाशा, कडा कुरतडलेल्या, आणि छापील मजकुरात स्पेलिंगची चूक! एवढी मोठी कंपनी आणि एक प्रूफ वाचायला माणूस नाही. कागद खरवडून टाकला. त्या जागी स्वच्छ अक्षरात माझा कागद लावला: ‘जाणकाराशिवाय उघडू नये.’

बुधवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. तरी लिहितो.

आत बारा स्क्रू सैल! एकही शेवटपर्यंत पिळलेला नाही. कोणी दोन आटे बाहेर, कोणी तीन. काहींवर मेण ओतलेले. म्हणजे कामगाराला स्क्रू पिळायचा कंटाळा आला, त्याने वर मेण थापले आणि तो घरी गेला. असल्या लोकांच्या हाती कारखाने देतात आणि मला मुलाखतीत विचारतात की डिप्लोमा पूर्ण का नाही.

मेण सुईने कोरून काढले. बाराही स्क्रू थांबेपर्यंत पिळले. अकरावा थांबल्यावरही मी अर्धा आटा आणखी दिला, तेव्हा त्याने कट् असा आवाज केला. पक्का बसला.

रोगाचे मूळ सापडले. बाबांना बोलावून सांगितले, तुम्ही जिन्यात आपटलात ना, त्या दणक्यानं आतले बारा स्क्रू सैल झाले होते. बाबा खुर्चीवर बसले. म्हणाले, बारा? मी म्हणालो, बारा. मोजून.

गुरुवार, ८ फेब्रुवारी.

बाबा काल जेवले नाहीत. आज सकाळी अर्धा कप चहा.

आई माझ्यावर घसरली. म्हणाली, अरे, एकोणीस वर्षं त्या एका धक्क्याचं ओझं वाहतायत ते. त्यात तू आणखी बारा स्क्रू घातलेस. मी म्हणालो, निदान अचूक नको का व्हायला? आई म्हणाली, तुझी अचूकता घाल चुलीत.

या घरात शास्त्राला किंमत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी. दुपारी.

१०.५५. प्लग लावला. आईला स्वयंपाकघरात आणि ताईला गॅलरीत उभे केले. बाबा स्वतःहून जिन्यात गेले.

११.००. बटन फिरवले. डायलमागचा दिवा लागला! पिवळा, मऊ उजेड. बाबा जिन्यातून आत आले. त्यांनी नुसती डायलची काच रुमालाने पुसली.

११.०२. आवाज! हूंऽऽ असा, अखंड, खालच्या पट्टीतला. मी जाहीर केले की काम ऐंशी टक्के झाले. दिवा, वीज, आवाज आला. आता फक्त स्टेशन यायचे बाकी.

११.०६. ताई म्हणाली, इंजिनियरसाहेब, फ्रिजसुद्धा हेच गातो. आणि तो दूध पण गार ठेवतो.

११.२०. फ्यूज उडाला. बदलला.

११.२२. फ्यूज उडाला.

११.३०. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत खाली आले. म्हणाले, पाणी चढवायचा पंप बंद पडलाय, कोणाचे उद्योग? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. आईसुद्धा. फ्यूज इमारतीचे जुने आहेत, हे मी त्यांना शांतपणे समजावले. ते मला शाळेतल्या मुलाला बोलावे तसे बोलले. मी शाळा दहावीला प्रथम श्रेणीत सोडली आहे, हे मी त्यांना ते गेल्यावर सांगितले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी.

मिस्त्रीकडे गेलो. दुरुस्तीसाठी नव्हे, फक्त त्याचे ज्ञान किती आहे ते पाहायला.

दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रेडिओ, मध्ये हा माणूस, नाकावर दोन चष्मे एकावर एक. मी फोनवरचा फोटो दाखवला. त्याने तीन सेकंद पाहिला. म्हणाला, एक व्हॉल्व्ह कमी आहे साहेब. मी म्हणालो, ती जागा जादाची आहे. त्याने वरचा चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. म्हणाला, पायाचा अंगठा पण जादाच असतो म्हणा.

मग म्हणाला, पेटीत आत एक कागद असतो, कुठला व्हॉल्व्ह कुठे त्याचा नकाशा, तो घेऊन या. मी विषय बदलला. तो म्हणाला, आपटलाय म्हणता, पण हे जुने सेट दणकट असतात, आपटून काही होत नाही. तो व्हॉल्व्ह मिळाला की लगेच बोलेल. मिळणं कठीण आहे, दोन महिने लागतील, कदाचित मिळणारही नाही. फक्त आतल्या स्क्रूंना कोणी हात लावला नाही ना? मी विचारले, का? म्हणाला, ते आवळायचे स्क्रू नव्हेत. स्टेशन पकडायला एकेक केसाच्या अंतरानं लावलेले असतात, आणि कोणी हलवू नये म्हणून वरून मेण घालतात. एखादा शहाणा ते पिळून ठेवतो आणि मग आमच्याकडे रडत येतो.

मी फोन खिशात घातला. मी विचारले, आणि असा कोण पिळेल? तो म्हणाला, असतात.

मी खोटे बोललो नाही. मी फक्त प्रश्न विचारले.

घरी येईपर्यंत संताप आला. आधी नसलेली वस्तू हरवली म्हणायचे, मग तीच विकायची. आणि स्क्रू सैल ठेवण्यात दुरुस्तीवाल्यांचाच फायदा. आवळले तर यांची दुकाने बंद पडतील.

बुधवार, १४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०.

तरीसुद्धा, निव्वळ प्रयोग म्हणून, स्क्रू पूर्वीइतके सैल करावेत का?

पूर्वीइतके म्हणजे किती, याची नोंद वहीत नाही. चारदा पाने उलटली. पहिल्यांदाच माझ्याकडून एखादी नोंद राहिली आहे. ती वेळ रागाची होती, आणि राग कंपनीने आणला.

निर्णय: बाराही स्क्रू प्रत्येकी दीड आटा सैल. सर्वांना समान न्याय. अकरावा नुसताच फिरतो. कुठेच थांबत नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी.

स्पीकरवरचे कापड मळलेले होते. काढून गरम पाण्यात धुतले. छान निघाले. वाळल्यावर सगळीकडून दोन बोटे कमी भरले. हे कापड बनवणाऱ्यांना काय म्हणावे! ताणून चुका मारल्या. एका कोपऱ्यात स्पीकर दिसतो. तिकडची बाजू भिंतीकडे राहील.

बाबा गोदामापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. वाटेत म्हणाले, दादाला पहाटेच्या बातम्या लागायच्या. मला गाणी. बटनावर दोघांचे हात असायचे. निरोप घेताना म्हणाले, होईल ना रे?

मी म्हणालो, झाल्यातच जमा आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी.

दुसरी चाचणी. फ्यूज उडाला नाही (जाड तार घातली). हूं आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ. डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवली. सगळ्या पट्ट्यात एकसारखा आवाज, कुठे कमीजास्त नाही. अशी स्थिरता नव्या सेटमध्ये सापडणार नाही.

ताई म्हणाली, काका बातम्यांऐवजी हे ऐकतील आणि ऑपरेशन कानाचं करून घेतील. मी ताईशी बोलणे बंद केले आहे. तिला हे माहीत नसावे, कारण ती बोलतेच आहे.

मंगळवार, २० फेब्रुवारी.

वाटेवरच आहे म्हणून मिस्त्रीच्या दुकानात डोकावलो. दोन गिऱ्हाइके बसली होती. मला पाहताच तो त्यांना म्हणाला, हेच ते, जादाच्या जागेवाले. तिघेही हसले. एक तर ठसका लागेपर्यंत. मिस्त्री म्हणाला, अहो साहेब, अजून आणा सेट, फी नंतर बघू, निदान आणखी बिघडणार तरी नाही.

‘आणखी’ म्हणजे काय?

घरी येऊन त्याला खरमरीत पत्र लिहिले. पहिला खर्डा चार पाने, दुसरा दोन, तिसरा सहा. एकही चूक नाही. पाठवलेले नाही, कारण त्याच्या दुकानावर पत्ता नीट लिहिलेला नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ७.

बाबांनी आज सरळ सांगितले. म्हणाले, राहू दे आता. दादा आला की मीच सांगतो, माझ्या हातून आपटला, आणि मी एकोणीस वर्षं लपवलं. त्याला हवं ते बोलू दे मला.

मी ओरडलो. म्हणालो, अजून दोन दिवस आहेत! कोणाचाच माझ्यावर विश्वास नाही म्हणूनच हे होतंय. बाबा म्हणाले, विश्वास आहे रे, म्हणून तर अठरा दिवस गप्प होतो.

हे वाक्य मला फार लागले. म्हणून गोदामात रजा टाकली आणि दिवसभर बसलो. लहान व्हॉल्व्ह उजवीकडे, मोठा डावीकडे करून पाहिले. दिवासुद्धा लागेना. परत उंचीप्रमाणे केले. दिवा आला. हूं आला. फक्त हूंच.

संध्याकाळी रेडिओ कोपऱ्यात मांडला, उघडी बाजू भिंतीकडे. दिसायला अप्रतिम. असा तो नवा असतानाही दिसला नसेल.

शनिवार, २४ फेब्रुवारी. दुपारी ३.

सगळे जसे घडले तसे लिहितो.

१०.१५. काका आले. बाबांपेक्षा ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, हातात एक पिशवी. आई म्हणाली, भाऊजी, आधी पाणी घ्या. काका म्हणाले, पाणी नंतर. तो कुठाय? बाबांनी कोपऱ्याकडे हात केला. काकांना नीट दिसत नाही, ते हात पुढे करत गेले आणि त्यांनी रेडिओच्या डोक्यावर हात ठेवला.

मी ठरवलेले वाक्य बोलणार (‘सध्या स्टेशनच बंद आहे’), तेवढ्यात बाबांनी सगळे ओकले. दादा, जिन्यात माझ्या हातून आपटला. त्याच दिवशी मुका झाला. आत बारा स्क्रू सैल झालेले निघाले. तुला तोंड कसं दाखवू म्हणून फोन टाळत गेलो.

काकांनी पिशवीतून चष्म्याचे घर काढले. त्यात कापूस. कापसात काचेचा एक व्हॉल्व्ह. वरचा नंबर ठळक, जसाच्या तसा.

काका म्हणाले, धाकट्या, तू कसला आपटतोस? चिठ्ठी तुझी निघाली ना, तेव्हा मला असा राग आला की गाडीत सामान चढवताना मी मागून हा उपटून खिशात घातला. म्हटलं, दोन दिवसांत फोन करशील, शिव्या घालशील, मग येऊन लावून देईन. तुझा फोनच नाही. मला वाटलं, याला रेडिओही नको आणि मीही नको.

बाबा म्हणाले, दादा, तू एकोणीस वर्षं हा खिशात घेऊन फिरलास? काका म्हणाले, खिशात कशाला, कपाटात. गाढवा, फोन का नाही केलास? बाबा म्हणाले, गाढव तू. चोर पण. मग दोघेही रडायला लागले. काकांचे परवा ऑपरेशन आहे, डोळ्यांवर ताण नको, हे मी दोनदा सांगितले. कोणी ऐकले नाही.

१०.५०. काकांनी बोटांनी चाचपून व्हॉल्व्ह त्या रिकाम्या जागी बसवला. माझ्या जादाच्या जागी. म्हणाले, बाकीचे हे शाळेच्या रांगेसारखे कोणी उभे केले? मग बाबांनी बटनावर हात ठेवला. काकांनी त्यावर हात ठेवला. दोघांनी मिळून फिरवले.

शिट्टी. इतकी कर्कश की आईच्या हातातला पेला पडला. वरून हेडमास्तर धावत आले. डायल फिरवली, शिट्टी बारीक झाली, जाड झाली, थांबली नाही. मी प्लग काढला.

आणि मग बाबांनी अगदी हळू विचारले. म्हणाले, आपटल्यानं काही झालंच नव्हतं. नुसता हा व्हॉल्व्ह नव्हता. मग ते बारा स्क्रू?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. हेडमास्तरांनीसुद्धा.

ताई म्हणाली, म्हणजे वीस दिवसांपूर्वी हा रेडिओ चांगला होता.

मला गोदामातले तातडीचे काम आठवले. शनिवारी गोदाम अर्धा दिवस असते, हे बाहेर पडल्यावर आठवले.

रविवार, २५ फेब्रुवारी.

दोघे भाऊ रेडिओ टॅक्सीत घालून मिस्त्रीच्या घरी गेले. मला नेले नाही. चार तासांनी परत आले ते हसत. जिन्याच्या वळणावर थांबून बाबांनी काकांना ती भिंत दाखवली, आणि दोघे पुन्हा हसले.

मिस्त्रीचे म्हणणे: काकांचा व्हॉल्व्ह ठणठणीत. बाकी चारही ठीक, पण नंबर पुसल्याने एकेक तपासून ओळखावा लागेल. बारा स्क्रू नव्याने लावावे लागतील. अकराव्याखालची कॉइल तुटलेली, ती दुसऱ्या मेलेल्या सेटमधून काढावी लागेल. सहा आठवडे. काकांनी ठरवले की सहा आठवडे इथेच राहतो, रेडिओ ऐकूनच जाईन. बाबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनीच स्क्रू पिळले होते आणि ते बक्षिसाला पात्र ठरले.

काका माझ्या खोलीत. मी हॉलमध्ये. पंखा नाही.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. रेडिओ वेळेवर वाजला असता तर काका आठ दिवसांत गेले असते. दोघांना एकत्र आणले कोणी? पण माझे श्रेय मला कोणी देणार नाही. बाबांना एवढेच म्हणालो, तर ते म्हणाले, देतो की. बिल तुझ्या नावावर करायला सांगितलंय.

मंगळवार, २७ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.

काकांचे ऑपरेशन काल नीट झाले. पट्टीखालून म्हणतात, मला आता स्क्रूसुद्धा दिसतील, सांभाळ.

बिलावर तडजोड झाली आहे. मिस्त्रीकडे हजारभर जुने व्हॉल्व्ह आहेत, नंबर पुसट होत चाललेले. त्याला सुवाच्य आणि बिनचूक अक्षरात चिठ्ठ्या लिहून हव्या आहेत. बाबांनी माझे नाव सुचवले. एका चिठ्ठीला दोन रुपये. रोज संध्याकाळी दुकानात बसायचे, उपकरणांपासून चार हात लांब. आज पहिला दिवस. तो नंबर सांगतो, मी लिहितो. एकदा म्हणाला, अक्षर छान आहे हो तुमचं. मी पुढची चिठ्ठी ओढली. त्याच्यावर माझा राग आहे.

हिशेब.

खर्च: स्पिरिट ६०. फ्यूज (दोन) २०. जाड तार १५. चुका १२. पत्राचे कागद १०. हेडमास्तरांच्या पंपाचा इलेक्ट्रिशियन १५०. पेला ४०. एकूण ३०७.

देणे: मिस्त्री, १८५०. म्हणजे चिठ्ठ्या ९२५.

आज लिहिल्या ३१. बाकी ८९४.

मिस्त्रीकडे जमा: माझा स्क्रू-ड्रायव्हर, एक. पावती मागितली. दिली नाही.